नीटनेटक्या नगराची तहान

पूर्वी कधीतरी एक नगर होतं. ते कोणत्या देशात होतं, कोणत्या राजाच्या काळात होतं, ते मला विचारू नका. ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं. नाव सांगितलं की ऐकणारे म्हणतात, ‘ते तिकडचं, आपलं नव्हे,’ आणि खुशाल पाय पसरून बसतात.

नगर नदीच्या उंच काठावर वसलेलं होतं. त्याच्या मधोमध एक लांब, वाकडी आळी होती. तिला मधली आळी म्हणत. तिथे कोणी कोणाशेजारी राहावं याला काही धरबंधच नव्हता. कुंभारणीच्या भिंतीला लागून तांबटाचं घर, त्याच्या पलीकडे दोर वळणारा, समोर तेल्याचा घाणा, घाण्यामागे रंगारी, आणि रंगाऱ्याच्या ओसरीवर सुताराने हक्काने रचून ठेवलेली लाकडं.

सकाळ झाली की तांबटाचे हातोडे, घाण्याची करकर आणि सुताराची करवत यांचा एकच गदारोळ उठे, आणि त्यावरही आवाज चढवून माणसं भांडत. भट्टीचा धूर रंगाऱ्याच्या वाळत घातलेल्या कापडावर जाई. रंगाऱ्याचं निळं पाणी कुंभारणीच्या मातीत शिरे. मग दोघं कमरेवर हात ठेवून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

या आळीत एक रीत होती. सकाळी चूल पेटवायला शेजाऱ्याकडून विस्तव आणणं हे तर सगळीकडेच चालायचं. पण इथे विस्तव आपल्या धंद्यातल्या घरून आणायचा नाही, दुसऱ्या धंद्याच्या घरून आणायचा. कारण अगदी माणसाच्या स्वभावातलं होतं. कुंभाराच्या दारात दुसरा कुंभार सकाळी सकाळी उभा राहिला, की पहिल्याच्या मनात येतं, हा विस्तवाला आला की माझी भट्टी बघायला आला? तांबट आला तर असं काही मनात येत नाही. त्याने भट्टी बघितली तरी त्याला काय कळणार!

म्हणून कुंभारीण खापरी घेऊन तांबटाकडे जाई, दोरवाला तेल्याकडे, रंगारी कधी इकडे, कधी तिकडे. विस्तव घ्यायला असा कितीसा वेळ लागतो? पण गेलेलं माणूस काही लवकर परतत नसे. उभ्या उभ्या गप्पा होत, समोर चाललेलं काम दिसे, आणि ज्याला काही कळणार नाही असं सगळे धरून चालत, त्यालाच नेमकं काहीतरी कळे.

एकदा रंगारी असाच तांबटाच्या दारात गप्पा मारत उभा होता. तांबटाने भांडी घासलेलं चिंचेचं पाणी फेकलं, ते रंगाऱ्याच्या पिवळ्या पंच्यावर उडालं. रंगाऱ्याने आधी मनसोक्त शिव्या दिल्या. मग पंचा पाहिला, तर पिवळ्याचं पोपटी झालं होतं आणि धुतलं तरी जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो विस्तवाला आला, तो खापरीबरोबर त्या पाण्यासाठी घागरही घेऊन आला. दोरवाल्याने तसंच तेल्याच्या घाण्याजवळ पडलेलं तेलकट दोराचं वेटोळं पाहिलं. सगळा पावसाळा पाण्यात काढूनही ते कुजलेलं नव्हतं. त्या वर्षापासून त्या नगराचे तेल पाजलेले दोर लांबलांबच्या नावाड्यांनी नेले.

दर वर्षी जत्रेला दूरदेशीचे व्यापारी येत. वेशीतून आत शिरता शिरताच ते विचारत, “यंदा नवं काय?” आणि दर वर्षी काही ना काही असेच.

आता राजाबद्दल सांगतो. राजा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याच्यावर उगाच डोळे वटाराल. तो न्यायी होता, प्रजेला छळत नव्हता. त्याला वेड एकच होतं, नीटनेटकेपणाचं. त्याच्या पगड्या रंगाप्रमाणे मांडलेल्या असत. ताटातली कोशिंबीर भाताला लागलेली त्याला खपत नसे. आणि त्याला सुखही एकच होतं. जेवण झालं की डाव्या कुशीवर आडवं व्हायचं आणि घटकाभर वामकुक्षी घ्यायची.

एका दुपारी राजाचा डोळा लागतो न लागतो तोच मधल्या आळीत कुंभारीण आणि रंगारी यांचं जुंपलं. त्यात तांबटाने हातोडा उचलला. घाणा तर करकरतच होता. राजा उठून बसला आणि त्याने प्रधानाला बोलावलं.

“प्रधानजी, ही माणसं वाईट नाहीत. पण विस्कटलेली आहेत,” राजा म्हणाला. “डाळ आणि तांदूळ एकत्र सांडले तर आपण निवडून वेगळे ठेवतो की नाही? तसं करा. प्रत्येक धंद्याला वेगळी पेठ द्या. कुंभारांची निराळी, तांबटांची निराळी. म्हणजे कोणाचा कोणाला त्रास नको.”

डाळ आणि तांदूळ एकत्र केल्यावरच खिचडी होते, हे महाराजांना त्या वेळी आठवलं नाही. प्रधानाला आठवलं असेल. पण प्रधान होण्यासाठी अशा गोष्टी गिळाव्या लागतात.

झालं. मधली आळी उठली. नगराच्या चारी अंगांना नव्या पेठा वसल्या. घरं ऐसपैस होती, रस्ते सरळ होते, प्रत्येक पेठेला आपली विहीर होती. खरं सांगायचं तर लोक खूशच झाले. प्रत्येक पेठेभोवती भिंत होती आणि भिंतीला एक दरवाजा. दरवाजावर शिपाई होता, आणि येणाऱ्या परक्या माणसाला त्याने एवढंच विचारायचं होतं, ‘काम काय?’

पहिल्याच सकाळी कुंभारीण सवयीने खापरी घेऊन तांबटपेठेच्या दरवाजाशी आली.

“काम काय?” शिपायाने विचारलं.

“विस्तव हवा.”

“तुमच्या पेठेत विस्तव नाही?”

“आहे की. पेठेत सगळ्यांकडे भट्ट्याच आहेत.”

“मग इथे कशाला?”

कुंभारीण विचारात पडली. तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. “सहज,” ती म्हणाली.

शिपायाने आज्ञा नीट आठवून पाहिली. आज्ञेत ‘सहज’ कुठेच नव्हतं. “सहज चालत नाही, बाई,” तो म्हणाला. “काम असेल तर सांगा.”

कुंभारीण रिकामी खापरी घेऊन परत गेली. नंतर ती पुन्हा आली नाही. तीच नव्हे, काम नसताना कोणीच कुठे गेलं नाही. काम असलं की माणसं जात, काम सांगत, काम करत आणि परत येत.

नगर शांत झालं. राजाची वामकुक्षी सुखाची होऊ लागली. पेठांमधलं कामही बिघडलं नाही. उलट घागरी जास्त गोल झाल्या, ठोक्यांचे डाग दिसेनासे झाले, दोराचा पीळ एकसारखा येऊ लागला. दिवसभर आपल्याच धंद्यातल्या माणसांत बसलं की हाताला सफाई येतेच. फक्त जत्रेत व्यापाऱ्यांनी विचारलं, “यंदा नवं काय?” की लोक एकमेकांकडे पाहत आणि म्हणत, “यंदा काठ जरा जास्त गुळगुळीत केलाय.” व्यापारी काठावरून बोट फिरवत, मान डोलावत आणि पुढच्या वर्षी येत नसत.

अशी बारा वर्षं गेली.

मग एका पावसाळ्यात नदीला असा पूर आला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. पूर ओसरला तेव्हा नदीने आपलं पात्र खोल खोदून घेतलं होतं. घाट कोसळला होता. पाणी पार खाली, दोन ताडांइतकं खोल गेलं होतं, आणि वर नुसती उभी दरड उरली होती. नदी खाली गेली तशा विहिरीही खाली गेल्या. सरळ रस्त्यांच्या त्या सुरेख पेठांमध्ये एकेक विहीर आटत गेली, आणि उन्हाळा लागायच्या आत सगळ्या कोरड्या पडल्या.

आता सगळ्या नगराला पाणी मिळायची एकच जागा राहिली. जुन्या घाटाचा एक तुटका कट्टा दरडीच्या टोकावर तेवढा टिकला होता. तिथे उभं राहून दोराने घागर सोडली तर ती सरळ पाण्यात पडे. वर ओढता ओढता माणसाच्या हातांची सालटी निघत. आणि एका वेळी एकच घागर येई.

राजाने दवंडी पिटवली, “जो कोणी नदीचं पाणी दरडीवर चढवील, त्याला एक गाव इनाम!”

सगळ्या पेठा कामाला लागल्या. कुंभारपेठेने एवढा मोठा रांजण केला की त्यात माणूस उभा राहील. तो आणताना पंधरा माणसं दमली, आणि तो खाली सोडायला कोणी धजेना. दोरवाल्यांनी मांडीएवढा जाड दोर वळला. त्याचं स्वतःचंच वजन कोणाला ओढवेना. सुतारांनी लांबलचक शिडी केली. ती मधोमध अशी डुलायला लागली की वरचे दोघं नदीत पडले आणि शिव्या घालत बाहेर आले. तांबटांनी लखलखीत घंगाळ केलं, त्याच्या काठावर वेलबुट्टीही काढली. ते चिंचेने घासून धुण्यातच दोन घागरी पाणी गेलं.

हसू नका. त्यांनी मनापासून कष्ट केले होते. पण प्रत्येकाने आपापल्या भिंतीआड बसून आपलीच वस्तू आणखी मोठी केली होती. दुसरं सुचणार तरी काय? बारा वर्षं डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नव्हतं.

सगळ्यात आधी रंगारी गेले. रंगाला पाणी लागतं, थोडंथोडकं नाही. एका सकाळी रंगारपेठेच्या दरवाजातून गाड्या निघाल्या त्या संध्याकाळपर्यंत निघतच होत्या. प्रधान राजाकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला, “महाराज, नगर उठवावं लागेल. पावसाळ्याची वाट पाहिली तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं हाती लागायची नाहीत.”

राजाने खिडकीतून वेशीकडे पाहिलं. हे नगर त्याच्या आजोबांनी वसवलं होतं. माळावरचे दगड वेचून त्यांनी पहिली वेस स्वतः रचली होती. ते नगर आपल्या हातून उठणार, या विचाराने राजाने ताट तसंच बाजूला सारलं. लहान मुलासारखं रडावं असं त्याला वाटलं. पण राजवाड्यात रडायलाही नीट जागा नसते.

इकडे कुंभारणीनेही बहिणीच्या गावी जायचं ठरवलं. पाण्यावाचून माती कशी भिजवणार? आता ती पुरती म्हातारी झाली होती. गाडीत गाडगी-मडकी पेंढ्यात बसवून तिने वाटेपुरतं पाणी भरून घ्यावं म्हणून गाडी कट्ट्यावर आणली.

कट्ट्यावर सगळं नगर लोटलं होतं. बारा वर्षांत कामाशिवाय एकमेकांशी न बोललेली माणसं उन्हात खेटून उभी होती, आणि अर्थातच भांडत होती. दोर ओढायची पाळी दोरवाल्याची होती. त्याच्यामागे तेली आपला घाण्याचा बैल धरून उभा होता, आणि त्याच्यामागे सुतार.

“अरे दोरवाल्या, झोपलास की काय?” कुंभारीण मागून ओरडली.

“बारा वर्षांनी भेटलीस आणि पहिला शब्द हाच का तुझा?” दोरवाला वळून म्हणाला. “ये, तूच ओढ. हात बघ माझे!”

कुंभारणीने हात पाहिले आणि तिचा आवाज खाली आला. ती कट्ट्याच्या काठाशी बसून राहिली आणि दोराकडे पाहत राहिली. एक घागर खाली जात होती, तीच भरून वर येत होती. एवढा लांब दोर, आणि त्याच्या टोकाला काय तर एक घागर.

“एवढा दोर मधे रिकामाच लोंबतोय,” ती म्हणाली. “त्याला मधे मधे माझी गाडगी बांधली तर?”

“आणि टोकापाशी आल्यावर?” दोरवाला म्हणाला. “सगळी सोडायची, पुन्हा बांधायची? त्यापेक्षा हेच बरं.”

“मग दोराला टोक ठेवू नकोस.”

दोरवाला हसायला लागला. मग त्याचं हसू थांबलं. दोन टोकं एकमेकांत विणून दोराची माळ करता येते, हे त्याला कुंभारणीने सांगायची गरज नव्हती. पण अशी माळ कशासाठी करायची, हे मात्र आजवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“माळ होईल,” तो सावकाश म्हणाला. “पण ती फिरणार कशावर? हाताने?”

“चाकावर घाला,” मागून सुतार म्हणाला. “पण चाक मोठं हवं. लहान घेतलंत तर गाडगी दरडीवर आपटतील.”

“केवढं मोठं?”

सुताराने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर कुंभारणीच्या गाडीवर जाऊन थांबली.

“नाही!” कुंभारीण म्हणाली. “मला आजच निघायचंय.”

“निघा की,” तेली म्हणाला. “तुम्ही निघा, आम्हीही निघू. मग या चाकाचं काय करायचं ते नदीच बघेल.” त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. “माझं एवढंच म्हणणं आहे, माझा हा बैल जन्मभर घाण्याभोवती फिरतोय. आता घाण्याला तीळ नाहीत. याला चाकाभोवती फिरवलं तर त्याला काय फरक कळणार आहे?”

कुंभारीण गाडीकडे बघत राहिली. गाडी दिली तर बहिणीकडे जायची वाट बंद, आणि हे फसलं तर याच कट्ट्यावर मरायचं. तिने पदराने तोंड पुसलं. “पेंढा खाली नीट पसरा,” ती म्हणाली. “माझं एक गाडगं जरी फुटलं तर एकेकाला बघून घेईन.”

चाक उतरवलं, आणि मग खरं भांडण लागलं. चाक केवढं असावं, गाडग्याला गळा हवा की कान हवेत, दोर ओला वळायचा की कोरडा, बैल इकडून फिरवायचा की तिकडून. तांबट रांग सोडून पुढे आला आणि विचारलेलं नसताना सांगू लागला. लाकूड लाकडावर घासलं की जळतं, कण्याला तांब्याची वाटी बसवा, म्हणून तोही ओरडू लागला. सुतार म्हणाला, त्याला त्यातलं काय कळतं? आणि मग तांबटाच्याच अंगणातून वाटी मागवून घेतली.

हा कल्लोळ कोतवालाच्या कानी गेला. तो राजाला घेऊन कट्ट्यावर आला. “पाहा महाराज, कसे एकमेकांच्या अंगावर जातायत. आपण पेठवार रांगा लावू. सोमवारी कुंभार, मंगळवारी तांबट, बुधवारी सुतार. एका पेठेचा दुसऱ्या पेठेशी संबंधच नको.”

राजाला ते पटलं. अहो, ते नीटनेटकं होतं! त्याने हुकूम द्यायला हात वर केलादेखील. शिपाई काठ्या घेऊन पुढे सरले आणि माणसं वेगळी करू लागले.

तेवढ्यात कुंभारीण समोर आली. “महाराज, हात खाली घ्या.”

शिपाई काठ्या उचललेल्या तशाच थांबले. “बाई, पाण्यासाठी भांडून पाणी वाढत नाही,” राजा म्हणाला.

“पाण्यासाठी कोण भांडतंय? पाण्यासाठी आमचं मघाशीच भांडून झालं.”

“मग आता कशासाठी भांडताय?”

“चाक केवढं असावं त्यासाठी.”

राजाने चाकाकडे पाहिलं, दोराच्या माळेकडे पाहिलं, तिला अर्धवट बांधलेल्या गाडग्यांकडे पाहिलं. त्याला त्यातलं काही समजलं नाही. पण या माणसांचे डोळे त्याला समजले. कित्येक वर्षांत या नगरात कोणाचे डोळे असे चमकलेले त्याने पाहिले नव्हते.

“महाराज,” कुंभारीण हात जोडून म्हणाली, “आम्हाला सोमवार-मंगळवारात वाटलंत तर हे आत्ताच संपलं. मी सोमवारी येईन, हा सुतार बुधवारी येईल, आणि माझं म्हणणं त्याच्या कानावर कोण घालणार? तुमचा शिपाई? चार दिवस आम्हाला इथेच, असंच भांडू द्या.”

राजाने हात खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काहीतरी विस्कटलेलं तसंच राहू दिलं.

पहिल्या खेपेला दोर घसरला आणि निम्मी गाडगी फुटली. कुंभारीण एकेकाला बघून घ्यायला निघाली, तिला तांबटाने आवरलं. दुसऱ्या खेपेला बैल बिचकला. मग गाडीचं दुसरं चाक बैलासाठी आडवं बसवलं, दोन्ही चाकांना एकमेकांत अडकणाऱ्या खुंट्या मारल्या, गाडग्यांना कान लावले, कण्याला वाटी आणि वाटीत तेल घातलं. तेली बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि बैल चालू लागला. चाक फिरलं. गाडगी एकामागून एक खाली गेली, पाण्यात बुडाली, एकामागून एक भरून वर आली आणि कट्ट्यावर बसवलेल्या लाकडी पन्हाळीत पाणी ओतू लागली. वाहतं पाणी दरडीवर आलं. ते पाहून लोक ओरडलेसुद्धा नाहीत. पुष्कळजण नुसते रडत होते, आणि रडता रडता ओंजळी पुढे करत होते.

राजाने इनामाचं गाव द्यायचं ठरवलं आणि विचारलं, “हे कोणी केलं?”

“मी!” एकाच वेळी पाच आवाज आले. इनामाचं गाव हातचं सोडायला का कोणी तयार असतं?

राजा हसला. “बरं. ज्याला हे सुचलं त्यालाच गाव. तुला कसं सुचलं, सुतारा?”

“दोरवाल्याने माळ केली, मग ती फिरवायची कशी, असं झालं…” सुतार अडखळला.

“आणि दोरवाल्या, तुला?”

“मला ही म्हणाली, टोक ठेवू नकोस.”

“आणि तुला, बाई?”

कुंभारणीने थोडा विचार केला. “मी याचे हात बघितले, महाराज,” ती म्हणाली. “आणि मग दोर बघत बसले. खरं तर मी पाणी भरून नगरच सोडणार होते. इथे बसले ते सहज.”

बारा वर्षांपूर्वी आज्ञेत जो शब्द नव्हता, तो राजाला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. तो पन्हाळीतल्या पाण्यापाशी वाकला. मग म्हणाला, “तुम्ही सगळे तेच आहात. गाडगी तीच, दोर तोच, बैलही तसाच. हे सगळं बारा वर्षं माझ्या नगरातच होतं, आणि मीच ते भिंती घालून एकमेकांपासून लांब ठेवलं. विहिरी आटल्या म्हणून तुम्ही भेटलात. त्या आटल्या नसत्या तर मला हे कधी कळलंही नसतं.”

त्याच दिवशी त्याने रंगाऱ्यांना परत बोलवायला स्वार पाठवले. “सांगा, पाणी आलंय. तुमची घरं तशीच आहेत.”

रंगारी दूरच्या एका नगरात गलबल्याच्या एका आळीत उतरले होते. एका बाजूला काचेचे मणी करणारे होते, दुसऱ्या बाजूला औषधाची मुळं कुटणारे. स्वारांचं ऐकून घेऊन म्हातारा रंगारी म्हणाला, “महाराजांना आमचा नमस्कार सांगा. त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. पण त्या पेठेत रोज सकाळी दार उघडलं की समोर रंगारीच. बारा वर्षांत आम्ही एकसुद्धा नवा रंग काढला नाही, हे त्यांना कोणी सांगितलं तरी का? आमचं मन तिथून तेव्हाच उठलं होतं. पाणी आटलं हे फक्त निमित्त झालं.”

हा निरोप ऐकल्यावर राजाने पेठांच्या भिंती पाडायचा हुकूम दिला. प्रधान उत्साहाने म्हणाला, “महाराज, आता आपण लोकांना पुन्हा मिसळू. एक कुंभार, मग एक तांबट, मग एक सुतार, असे ओळीने बसवू.”

“नको, प्रधानजी,” राजा म्हणाला. “पुन्हा नीट काही करू नका. भिंती पाडा, शिपाई उठवा, आणि आपण दोघं बाजूला होऊ.”

भिंती आठवड्याभरात पडल्या. पण बारा वर्षांत लोकांना आपापल्या पेठेची सवय झाली होती. नव्या पिढीतल्या कित्येकांना दुसऱ्याच्या घरी काम नसताना जायचं म्हणजे लाज वाटे. भिंत पडली होती त्या जागेवरून पलीकडे पाऊल टाकायला लोकांना पुष्कळ वर्षं लागली. कुंभारीण मात्र दुसऱ्याच दिवशी दोरवाल्याच्या शेजारी राहायला गेली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याशी भांडली. इनामाचं गाव पाचजणांत वाटून द्यावं लागलं, त्यावरून ते अजून भांडत असतील.

त्या नगरात पुढे पुष्कळ नव्या गोष्टी झाल्या. व्यापारी पुन्हा येऊ लागले. पण रंगारी परत आले नाहीत. राजाच्या लेकीच्या लग्नाचा शालूसुद्धा परक्या नगरातून रंगवून आणावा लागला, आणि राजाने तो स्वतःच्या हातांनी उलगडून कितीतरी वेळ पाहिला.

तात्पर्य : वेगवेगळ्या हातांची माणसं जिथे सहज एकमेकांच्या वाटेत येतात, तिथेच नवं सुचतं; नीटनेटकेपणासाठी ती वाट बंद करणारा आपल्याच नगराला तहानलेलं ठेवतो.